तेलाचं बोट

निमगाव केतकीच्या पंचक्रोशीत जुनी माणसं अजूनही "दादासोचा एक दम" असं वेळेचं माप सांगतात. म्हणजे किती? तर दादासो विहिरीत बुडी मारतो. काठावरचा माणूस तंबाखू मळतो, चुना लावतो, चिमूटभर शेजाऱ्याला देतो, उरलेली दाढेखाली धरतो, शेजाऱ्याची म्हैस व्याली का ते विचारतो, आणि मग कुठं खाली पाणी हलतं आणि दादासोचं डोकं वर येतं. तेवढा वेळ.

दादासोचं घर मूळचं मेंढरांमागचं. लहानपणी एक कोकरू कुणाच्या तरी विहिरीत पडलं आणि वडील सोनबा "आरं, आरं" म्हणेपर्यंत पोरानं मागोमाग उडी टाकली. कोकरू वर दिलं, आणि पुन्हा बुडी मारून तळाशी दिसलेली कुणाची तरी जुनी कळशीही घेऊन आला. सोनबानं आधी एक ठेवून दिली आणि मग पोटाशी धरलं. पुढं मेंढरं गेली, पाटाच्या पाण्यावर थोडा ऊस आला, पण दादासोचा खरा धंदा विहिरीतच राहिला. कुणाची मोटर तळाला गेली, कुणाचा फुटबॉल, म्हणजे पाइपाच्या टोकाचा व्हॉल्व्ह, चिखलात रुतला, कुणाचा मोबाईल खिशातून निसटला, की दादासोला हाक. कधी कधी माणसासाठीही हाक यायची. तसल्या कामाला तो चहासुद्धा घेत नसे.

बुटका, रुंद छातीचा माणूस. कानात आयुष्यभर पाणी गेलेलं, त्यामुळं जरा मोठ्यानं बोलणारा. दुसऱ्याच्या घरी जेवताना मात्र इतका लाजायचा की वाढणारीला वाटावं, ह्याला आमटी आवडली नाही.

विहिरीत उतरण्याची त्याची एक रीत होती, सोनबानं घालून दिलेली. पितळी वाटीत करडईचं तेल घ्यायचं. त्यात बोट बुडवून पहिलं बोट पाण्याला लावायचं, मग आपल्या अंगाला. "पाणी थोर, आपुन ल्हान," सोनबा म्हणायचा. "आधी त्याला इचारायचं." तेलानं थंडी मारत नाही, हे खरंच, पण दादासोला तेल थंडीसाठी लागत नव्हतं. तेलाचं बोट पाण्याला लावल्याशिवाय त्याचा पायच आत पडायचा नाही. घरून निघताना त्याची बायको साखरबाई पाठीला आणि छातीला तेल चोळून द्यायची. बोलत काही नसे, पण हात फिरवता फिरवता त्याच्या अंगातलं सगळं ओळखायची. आज झोप झाली नाही, आज खांदा धरलाय.

त्यांना एकच लेक. तिचं नाव छकुली. लाडाचं नव्हे, शाळेतलंसुद्धा. नाव घालायला सोनबा गेला होता, गुरुजींनी विचारलं, आणि सोनबाला दुसरं नाव माहीतच नव्हतं. बारामतीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात पहिल्या हजेरीला पोरं हसली. पुढं तिच्याकडून गणितं सोडवून घ्यायला लागल्यावर हसायची थांबली.

छकुलीच्या डोक्यात पट्टा आला तो झुंबरमुळं. झुंबर हा उजनीच्या काठचा, दादासोचा जोडीदार. एका विहिरीत तो पाइप सोडवायला उतरला आणि वर आलाच नाही. वरची माणसं एकमेकांना सांगत होती, "काम करतोय, काम करतोय." त्याला काढायला दादासोच गेला होता; पाइपाशीच त्याचं काळीज बंद पडलं होतं. त्या दिवशी घरी आल्यावर तो बोलला ते एवढंच, "वरच्याला काय कळतंय खाली काय चाललंय ते." छकुली तेव्हा भाकरी खात होती. तिनं ती तशीच ठेवली.

पट्टा छातीवर बांधायचा. मऊ, रबरासारखा, श्वासाबरोबर ताणणारा. त्यात काळजाचे ठोके कळायची सोय आणि खांद्यावर येईल असा छोटा दिवा. ठोके नीट असले तर हिरवा, काळजाची लय चुकली तर लाल. लाल झाला की पट्टा अंगाशी थरथरणार, म्हणजे आतल्यानंही समजायचं, आता वर. सगळं जमलं, पण त्याला वीज कुठून द्यायची इथं घोडं अडलं. पहिल्या पट्ट्यात तिनं बटणासारखा सेल घातला होता, प्लॅस्टिकच्या डबीत.

"ह्यो बिल्ला टोचतोय गं बरगडीला," दादासो म्हणाला. "आन् बुडी मारली की डबीतनं बुडबुडं येत्यात."

बुडबुडे आले म्हणजे पाणी आत गेलं. दुसरा पट्टा मोबाईलसारखा चार्ज करायचा होता. त्यालाही तार लावायला भोक, आणि भोक म्हटलं की पाणी. पट्टा मऊ आणि त्याचं पोट तेवढं कडक, असं किती दिवस चालणार! शेवटी सुट्टीत घरी आली असताना ती विहिरीवर तोंड धुऊन आली आणि थू थू करत म्हणाली, "आबा, आपलं पाणी लई मचूळ झालंय की."

"झालंय तर काय. ऊस पिवळा पडलाय, दिसंना व्हय?"

ती तिथंच उभी राहिली. मग हसायला लागली.

पुढच्या खेपेला तिनं आणलेल्या पट्ट्यात सेल नव्हता, डबी नव्हती, भोक नव्हतं. आतल्या अंगाला मॅग्नेशियमची पातळ पट्टी, तिच्यावर कोळशाचं कापड, आणि दोहोंच्या मध्ये पाणी शोषणारं फडकं. कोरडा असेतोवर पट्टा मेल्यासारखा पडून राहायचा. खारट पाणी फडक्यात भिनलं की त्याला वीज मिळायची.

"म्हंजी ज्या पाण्यानं आपला ऊस मारला," दादासो म्हणाला, "त्येच पाणी तुझा दिवा लावतंय?"

"व्हय आबा. फकस्त एक करायचं. पट्ट्याखाली तेल न्हाय. तेल लागलं की फडकं पाणी पीत न्हाय, आन् पाणी प्यालं न्हाय तर दिवा न्हाय."

"बरं," दादासो म्हणाला. साखरबाईनंही ऐकून ठेवलं.

पहिली बुडी झाली ती शेजारच्या शेततळ्यात. पाणी विहिरीचंच, पण शेवाळानं हिरवंगार. वरून छकुलीला खांद्यावरचा हिरवा दिवा उतरताना दिसला आणि मग दिसेनासा झाला. दादासो तळाशी पोचला. छातीवर हात ठेवून निवांत बसला. आणि त्याचा दम अजून पुष्कळ शिल्लक असताना, तंबाखू अजून मळून व्हायची असताना, पट्टा थरथरला. त्यानं खांद्याकडं पाहिलं. लाल.

त्याला वाटलं, पोरीचं काहीतरी चुकलं. तो तसाच बसला. मग त्याला आतून जाणवलं. चालता चालता बैलाला ठेच लागावी तसं काळीज अडखळलं, सावरलं, पुन्हा अडखळलं. तो वर आला.

"काय झालं आबा? हिरवा ऱ्हायला का शेवटपर्यंत?"

"ऱ्हायला की. झकास!"

छकुलीनं काठावर टुणकन उडी मारली. दादासोनं तोंड पुसायला टॉवेल घेतला तो बराच वेळ तोंडावर धरून ठेवला.

कॉलेजातल्या प्रतिक्षा मॅडमनी अट घातली होती. तालुक्यातल्या सगळ्या पाणबुड्यांसाठी असे पट्टे करून द्यायला वर्कशॉप तयार आहे, पण आधी हा पट्टा खऱ्या विहिरीत, खऱ्या पाणबुड्याच्या अंगावर चालताना आम्हाला दिसला पाहिजे. विहीर ठरली विजयसिंहांची, भवानीनगरच्या वाटेवरची, पायऱ्यांची, मचूळच पण तळ दिसेल अशा पाण्याची. विजयसिंह मोठे बागायतदार, मनानं मोकळे, पण जिभेला हाड नसलेले. त्यांनी बघायला चार माणसं जमवली. त्यात महिपतीही होता. महिपती विहिरीवर यारी लावून जड माल वर ओढायचं काम करायचा. दादासोला दिसेल तिथं चिडवायचा, "दादासो, आता पिकलं पान. उतर यारीत बसून!"

सकाळी घरी साखरबाईनं हातापायाला आणि पाठीला तेल लावलं, पण छातीवर चुलीतली राख चोळून ती कोरडीठाक केली. पट्टा बसेल तेवढी जागा तिनं सणाच्या भांड्यासारखी घासली होती. "झालं," ती म्हणाली. "आता हात लावू नका."

विहिरीवर दादासो मोटारीच्या खोलीमागं कपडे काढायला गेला. वाटी बरोबर होतीच. त्यानं बोट बुडवलं, पायरीवर जाऊन पाण्याला लावलं, परत आला. पट्टा भिंतीवर उन्हात ठेवलेला होता. पलीकडून विजयसिंहांचा आवाज येत होता, "बघा मॅडम, आमचा दादासो म्हंजी मगर हाय मगर! तुमचं यंत्र दमंल, ह्यो दमायचा न्हाय."

दादासोनं त्या दिव्याकडं पाहिलं. एवढासा, ज्वारीच्या दाण्याएवढा. पाणी आज काचेसारखं होतं. तो लाल झाला तर सगळे बघणार. विजयसिंह बघणार, महिपती बघणार. उद्यापासून हाक कुणाला जाईल?

बोटाला तेल अजून होतं. त्यानं पट्टा उलटा केला आणि आतल्या फडक्यावर बोट फिरवलं. मग वाटीत पुन्हा बुडवलं आणि पुन्हा फिरवलं. हळूहळू, तान्ह्या लेकराच्या टाळूला तेल जिरवावं तसं. छकुलीच्या टाळूला त्यानंच जिरवलं होतं एकेकाळी.

पट्टा बांधून तो उतरला. दिवा लागला नाही. हिरवा नाही, लाल नाही, काहीच नाही. वर आला. छकुलीनं पट्टा काढून झटकला, तारा तपासल्या, पुन्हा बांधला. तो पुन्हा उतरला. विहिरीच्या तळाशी बसून वर पाहिलं तर काठावर वाकलेली डोकी दिसत होती, आणि त्यात एक डोकं सगळ्यांपेक्षा जास्त वाकलेलं.

तो वर आल्यावर विजयसिंह म्हणाले, "अगं छकुले, ह्यो पट्टा हाय का करगोटा? आबाला दिष्ट लागू नये म्हून बांधलास व्हय?"

सगळे हसले. आणि हसणाऱ्यांत दादासोही होता. का हसला, कुणास ठाऊक. तोंडानं आपसूक केलं. छकुलीनं वळून पाहिलं ते विजयसिंहांकडं नाही, महिपतीकडं नाही; आबाकडं पाहिलं. मग खाली मान घालून ती तारा गुंडाळू लागली.

"होतं असं," प्रतिक्षा मॅडम म्हणाल्या. बाई चांगल्या होत्या, आवाज चढवला नाही. "पण छकुली, विहिरीतच चालणार नसेल तर बुडी मारणाऱ्याला त्याचा काय उपयोग? वर्कशॉपला मी काय सांगू?"

"माझ्याच जोडणीत चूक असेल मॅडम," छकुली म्हणाली.

घरी आल्यावर तिनं ओसरीवर पट्टा उसवला. फडकं नाकाशी नेलं. आणि आईकडं वळली.

"आई, तेल हाय ह्याला! किती येळा सांगितलं हुतं मी? एवढंबी ध्यानात ऱ्हात न्हाय तुझ्या? माझं सगळं पाण्यात गेलं बघ, एका तेलाच्या हातानं!"

साखरबाईच्या हातात तेव्हा पिठाची परात होती. ती काही बोलणार होती. तिनं नवऱ्याकडं पाहिलं. दादासो दाराशी बसून पायाचं नख बघत होता. राख चोळून तिनं केलेली छाती तिला आठवत होतीच; आणि त्याला ती आठवतेय हेही तिला दिसत होतं.

"लागला असंल माझा हात," ती म्हणाली आणि परात घेऊन आत गेली.

दादासोनं तोंड उघडलं असतं तर तेव्हाच उघडायचं होतं. नाही उघडलं.

छकुली दुसऱ्या दिवशी आईला न सांगता बारामतीला गेली. त्यानंतर भवानीनगरहून एक मोटर काढायची हाक आली. दादासो नेहमीसारखा उघडा होऊन पाटावर बसला. साखरबाईनं तेलाची वाटी त्याच्यापुढं ठेवली.

"लावा तुमच्या हातानं," ती म्हणाली.

एवढंच. रागानं नाही, टोमण्यानंही नाही. पाहुण्याला पाण्याचा तांब्या द्यावा तसं. पण आपल्या पाठीला आपला हात पुरत नाही. दादासो वाटीकडं बघत राहिला. मग सदरा घालून उठला आणि निरोप पाठवला की ताप आहे. त्याला खरंच ताप आल्यासारखं वाटत होतं. ताटावर बसला की झुंबरची आठवण यायची. तो झुंबर होता तसा नाही, तर दादासोनं वर आणला तसा. वरची माणसं म्हणत होती, काम करतोय. आणि आता त्याच माणसांच्या डोळ्यांवर आपण आपल्या बोटानं तेल लावून ठेवलं.

मग विजयसिंहांचीच मोटर दोर तुटून तळाला गेली. फोन आला. "येतो," दादासो म्हणाला, "पर त्याच माणसांना बोलवा. महिपतीला बी."

आणि तो एसटीनं बारामतीला गेला. कॉलेजच्या फाटकाशी चपला काढाव्यात की नाहीत ह्या विचारात उभा राहिला. प्रतिक्षा मॅडम बाहेर आल्या तेव्हा म्हणाला, "मॅडम, आजून एकडाव या. पट्ट्यात खोट न्हाय."

"मग कशात होती?"

"हिरीवर सांगतो."

मॅडमनी त्याच्याकडं नीट पाहिलं आणि छकुलीला गाडीत घेतलं. नवं फडकं घालून शिवलेला पट्टा छकुलीच्या मांडीवर होता.

विहिरीवर साखरबाई आधीच येऊन बसली होती. पदराला राखेची पुरचुंडी. तिला कुणी बोलावलं नव्हतं. सगळे जमले. दादासो उघडा होऊन पायरीवर उभा राहिला, हात बांधून, शाळेत उशिरा आलेल्या पोरासारखा. त्याचा आवाज एरवी मोठा. आज विजयसिंहांना कान पुढं करावा लागला.

"त्या दिशी फडक्याला तेल म्या लावलं. हिच्या हातनं काय बी लागलं नव्हतं." त्यानं साखरबाईकडं बोट केलं. तिच्याकडं बघितलं मात्र नाही. "पोरीनं मला सांगितलं हुतं. मला ठावं हुतं. तरी लावलं."

लिंबावर होले घुमत होते.

"का?" छकुलीनं विचारलं.

"खाली गेल्यावर दिसंल."

छकुलीच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. पाणी असतं तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. तिनं राखेची पुरचुंडी आईच्या पदरातून सोडवली आणि आईच्या हातात दिली. साखरबाई उठली. सगळ्यांदेखत तिनं नवऱ्याची छाती घासली, जरा जोरातच. छकुलीनं पट्टा बांधला, तोही जोरातच.

आज वाटी आणली नव्हती. दादासो पायरीवर वाकला आणि कोरडंच बोट पाण्याला लावलं. मग उतरला.

पट्टा पाण्याखाली गेला आणि दमभरात, दादासोच्या नव्हे, साध्या माणसाच्या दमात, खांद्यावर हिरवा दिवा लागला. वरून कुणीतरी "लागला! लागला!" ओरडलं. दादासोला ते ऐकू आलं नाही. तो खाली खाली गेला. मोटर एका कपारीशी आडवी पडली होती. त्यानं दोराचं टोक तिच्या कडीत ओवायला घेतलं. एक वेढा झाला. दुसरा घ्यायचा होता. आणखी थोडंसं.

पट्टा थरथरला.

वर काठावर सगळ्यांना दिसलं. काचेसारख्या पाण्यात खाली एक लाल ठिपका. छकुली पुढं सरकली, तिला महिपतीनं दंडाला धरलं. "थांब पोरी. येतोय का बघू."

खाली दादासोच्या हातात दोर होता. आजवर कामाला उतरून तो कधी रिकाम्या हातानं वर आला नव्हता. एक वेढा राहिला होता, आणि दम होता. काळीज अडखळत होतं, पण दम होता. झुंबरलाही असंच वाटलं असेल. त्यानं दोर सोडला.

त्याचं डोकं वर आलं तेव्हा कुणाची तंबाखू मळून झालेली नव्हती. त्यानं दोन्ही हात पाण्याबाहेर काढले. रिकामे. सगळ्यांना दिसले. पायरीवर बसला आणि धापा टाकू लागला, आणि ती धाप लपवायला टॉवेल घ्यावा असंही त्याला सुचलं नाही. महिपतीनंच टॉवेल आणून खांद्यावर टाकला. पिकल्या पानाचं नाव काढलं नाही.

"मोटर ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "मी गळ टाकून काढतो यारीनं."

विजयसिंह खाकरले. "चालतोय की मॅडम पट्टा," ते म्हणाले, आणि आपल्या त्या दिवसाच्या विनोदाची आठवण होऊन दुसरीकडं बघू लागले.

मॅडम मान हलवत होत्या, वर्कशॉपचं काहीतरी सांगत होत्या. छकुली ऐकत नव्हती. ती बापापुढं उकिडवी बसली होती आणि दिव्याकडं बघत होती. तो अजून लालच होता. मग हिरवा झाला.

"शेततळ्यात बी असंच झालं हुतं?"

"व्हय."

"आन् मला झकास म्हनला."

"व्हय."

तिनं पट्टा सोडला. घडी न घालता तसाच पायरीवर टाकला. "आबा," ती म्हणाली, "ह्यो मी कुनासाठी केला हुता?" आणि उठून आईपाशी गेली. तिथं जाऊन ती आईच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. "माझंच चुकलं गं," असं काहीतरी म्हणत होती. साखरबाई तिच्या पाठीवर हात फिरवत होती, तेल लावावं तसा. दादासो पायरीवर बसून ते बघत होता. ओलं अंग वाळलं तरी तो उठला नाही.

त्या आठवड्यात छकुली त्याला बारामतीला हृदयाच्या डॉक्टरांकडं घेऊन गेली. साखरबाई बरोबर होती. आत तपासणीच्या खोलीत त्याला झोपवून नर्सबाई छातीवर जेल लावू लागल्या, तशी दादासो झटक्यात उठून बसला आणि सदऱ्यानं छाती पुसायला लागला.

"अहो बाबा, काय करताय? जेल लावल्याशिवाय मशीनला ठोके कळत नाहीत."

"त्याल असंल म्हून पुसतोय. मशीन चालायचं न्हाय."

"कुठं आहे तेल? तुम्ही तर डोक्यालासुद्धा लावलेलं दिसत नाही. आणि असतं थोडं तरी काय बिघडलं असतं?"

दादासोनं दाराकडं पाहिलं. दाराच्या काचेतून साखरबाई दिसत होती, आणि तिच्या शेजारी पोरगी.

"आपल्याला न्हाय चालत," तो म्हणाला, आणि गपचूप आडवा झाला.